रिमांड होममधला शहाणा मुलगा

चार वर्षं झाली, दर शनिवारी एका रिमांड होममध्ये (कागदावर निरीक्षणगृह) गणित शिकवायला जाते. गेल्या वर्षी तिथे १६ वर्षांचा एक पोरगा होता, चोरीच्या केसमधला. भांडण नाही, उलटून बोलणं नाही, ताटातलं अर्धं जेवण तसंच, वर्गात भिंतीला टेकून बसायचा. सगळे म्हणायचे हा आपला सगळ्यात शहाणा मुलगा, आणि मलाही तेच वाटायचं. एकदा सहज विचारलं, झोप लागते का रे? तर म्हणाला, "नाही ताई, पहाटेपर्यंत जागाच असतो. माझ्यामुळे आईला मान खाली घालावी लागते, मी नसतो तर बरं झालं असतं." दीड महिना तो तिथे होता आणि हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही!

आणि सगळेच गप्प बसत नाहीत हो. या वयात डिप्रेशन चिडचिड होऊनही बाहेर येतं. ताट भिरकावतो, अंगावर धावून येतो, मग लगेच म्हणायचं याला मस्ती आलीय आणि शिक्षा.

मला राग कशाचा येतो सांगू, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ च्या मुलावर फार गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर कलम १५ खाली त्याची मानसिक क्षमता तपासतात, म्हणजे त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का हे ठरवायला. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ बोलवायचे, आणि हा मुलगा आतून कोसळलाय का हे बघायला मात्र पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं मिळत नाहीत.

दहा मिनिटं खरंच पुरतात. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांचा फॉर्म आहे, गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, मन कशात लागतं का, आणि नववा प्रश्न थेट जीव देण्याच्या विचारांचा. किशोरवयीन मुलांसाठी त्याचं वेगळं रूपही आहे. अमेरिकेत तर अशा मुलांसाठी खास बनवलेली मायसी-२ नावाची प्रश्नावली आहे, ५२ प्रश्न, हो किंवा नाही. मार्क जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नाही, पुढे डॉक्टरने बघायचंच, पण निदान कुणाला आधी बघायचं ते तरी कळेल ना. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून आहे, चांगलाच आहे, पण आत पोरांकडे फोन कुठे असतो.

एकच अट, ही उत्तरं केसच्या फाइलला लागता कामा नयेत. आपलं बोलणं आपल्यावरच उलटेल असं वाटलं तर कुठला पोरगा खरं सांगेल?

त्या मुलाला नंतर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत नेलं, औषधं सुरू झाली, पुढे जामीन झाला. तेही अधीक्षकांनी माझं ऐकून घेतलं म्हणून. बाल न्याय मंडळात किंवा परिविक्षा अधिकारी म्हणून काम करणारं कुणी हे वाचत असेल तर प्लीज सांगा, तुमच्याकडे मुलगा दाखल होतो त्या दिवशी त्याला काय काय विचारतात?