‘प्रदूषण हे मंडळाचं काम, पालिकेचं नाही’ : फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

जळगाव-धुळ्याच्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. त्याचा सार असा: प्रदूषण बघणं नियंत्रण मंडळाचं काम, महापालिकेने गटार आणि कचरा बघावा. लहान कारखान्याला प्रदूषण रोखणं परवडत नाही. प्रक्रिया प्लांट बसवून मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, घेतलं की जबाबदारी संपली. आणि पालिका व कारखानदार एका टेबलाशी बसले म्हणजे साटंलोटं ठरलेलंच. प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून वाचणाऱ्याला ते पटतं आणि तो पुढे पाठवतो.

‘प्रदूषण मंडळाचं, गटार पालिकेचं’

संमतीपत्र मंडळ देतं, हे खरं. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा मंडळालाच अधिकार देतात. पण ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत पर्यावरणाचं रक्षणही आहे. शिवाय २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत जळगाव आहे, आणि तिथली बरीचशी कामं, म्हणजे रस्त्यावरची धूळ, कचरा जाळणं, बांधकामाची माती, महापालिकेच्याच हातात आहेत. हवेतल्या बारीक धुळीची, म्हणजे पीएम-१० ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. डाळ मिलने धूळ पकडली आणि गेटसमोरचा कच्चा रस्ता ट्रकच्या चाकांखाली उडत राहिला, तर मोजणी खाली येणार नाही.

गटाराचा मुद्दा तर या मजकुराच्या उलटच जातो. सांडपाणी नदीनाल्यात सोडायचं तर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागतो, सार्वजनिक गटारात ३५० पर्यंत चालतो. मात्र ही सवलत ते गटार जैविक प्रक्रिया करणाऱ्या केंद्राकडे जात असेल तरच आहे. तसं नसेल तर गटारात सोडलेलं पाणी नाल्यात सोडलं असंच धरलं जातं. कोणतं गटार केंद्राला जोडलंय आणि कोणतं थेट नाल्यात पडतं, हे कुणाला ठाऊक असतं? पालिकेच्या अभियंत्याला. तो नकाशा कारखान्याच्या हाती नसेल, तर कारखानदार मनापासून ३५० पाळतो आणि तेच पाणी गिरणेत किंवा पांझरेत जातं. उन्हाळ्यात या पात्रांत सौम्य करायला प्रवाहच नसतो. आलेलं पाणी डबक्यात थांबतं आणि वाळूतून खाली मुरतं.

‘लहान कारखान्याला परवडत नाही’

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. पाइपाच्या शेवटी उभा करायचा मोठा प्लांट लहान युनिटला खरोखरच जड जातो. पण तो लहान करायचा मार्ग पाइपाच्या आधी असतो.

लोखंडी कपाटं बनवणाऱ्या युनिटमधली पावडर कोटिंगच्या, म्हणजे भुकटीच्या रंगाच्या, आधीची धुलाई घ्या. आम्लाच्या किंवा फॉस्फेटच्या टाकीतून बाहेर काढलेल्या मालासोबत तासाला एक लिटर द्रावण येतं आणि ते हजारपट पातळ करायचं आहे असं धरा. धुण्याचा हौद एकच असेल तर तासाला १,००० लिटर पाणी सोडावं लागतं. दोन हौद लावून पाणी मालाच्या उलट दिशेने फिरवलं तर हिशेबाने सुमारे ३२ लिटर पुरतात, तीन हौदांत १०. प्रत्यक्षात ढवळणं अपुरं पडतं म्हणून दुप्पट धरा, तरी दोन हौदांत काम ६०-७० लिटरमध्ये होतं. खर्च काय, तर एक जास्तीचा हौद, थोडा पाइप आणि पुढच्या हौदाची पातळी ५-७ सेंटिमीटर वर.

बिघडतं कुठे? ताजं पाणी वरूनच पडतं आणि त्याच बाजूने वाहून जातं, हौदाचा तळ तसाच राहतो. म्हणून आत येणारा पाइप तळापर्यंत न्यावा आणि ओव्हरफ्लो समोरच्या बाजूला ठेवावा. दुसरी चूक नळाची: कामगार तो पूर्ण उघडतो. ठरलेल्या छिद्राची चकती बसवा आणि व्हॉल्व्हची मूठ काढून ठेवा. माल टाकीवर निथळू दिला तर द्रावणही वाचतं, पण आपल्याकडच्या मेच्या उन्हात दहा सेकंदांपुढे थांबू नका. आम्लाचा थर सुकला की डाग पडतो आणि रंग धरत नाही.

प्लास्टिक चटईच्या धंद्यात प्रश्न जाळीचा आहे. भंगारातून दाणा काढताना एक्स्ट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून दाबाने बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) तोंडाची तारेची जाळी मातीने चोंदते, आणि ती साफ करायला उघड्यावर जाळतात. तो काळा धूर सगळ्यांनी पाहिलाय. त्यात पीव्हीसीचा तुकडा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. चटईचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पाण्यावर तरंगतं, पीव्हीसी बुडतं. धुण्याच्या हौदातच तरंगतं ते वरून आणि बुडतं ते तळातून काढलं की निवड आपोआप होते, माती खाली बसते आणि जाळीही जास्त वेळ चालते. तीन कप्प्यांच्या निवळ हौदातून तेच पाणी पुन्हा वापरता येतं. तरीही चोंदलेल्या जाळ्या उरतात. धूर दुसऱ्या कक्षात पुन्हा जाळणारी बंद भट्टी एकट्या युनिटला परवडणार नाही, वीस-पंचवीस युनिटांना मिळून परवडेल. जागा आणि जाळ्या गोळा करायचा ठरलेला वार यासाठी पालिकेची किंवा एमआयडीसीची साथ लागते. एकत्र काम म्हणतात ते याला.

‘प्लांट बसवला, काम संपलं’

डाळ मिलमधला बॅग फिल्टर, म्हणजे हवेतली धूळ कापडी पिशव्यांत गाळणारं यंत्र, बघा. डक्टमधला, म्हणजे धूळ ओढून नेणाऱ्या नळातला, हवेचा वेग सेकंदाला १८-२० मीटरच्या खाली गेला की धूळ डक्टमध्येच बसायला लागते. मालक नवीन यंत्राची फांदी जुन्याच डक्टला जोडतो आणि सगळ्यांचीच ओढ कमी होते. हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणाऱ्या सायक्लोनखालचा फिरता एअरलॉक (धूळ सोडणारी पण हवा अडवणारी झडप) झिजला की खालून हवा आत शिरते आणि पडलेली धूळ परत उचलली जाते. पाणी लावलेल्या तुरीची दमट हवा थंड पिशव्यांवर गेली की कापडावर चिखल बसतो. पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारी पाण्याची यू आकाराची नळी काही शे रुपयांत बसते. ती रोज वाचून वहीत लिहावी. आकडा चढत गेला तर पिशव्या चोंदल्या, एकदम पडला तर फाटल्या. पकडलेली धूळ आणि चुनी पशुखाद्यात विकली जाते, हे मिलवाल्यांना सांगायला नको. सांडपाण्याच्या प्लांटचंही तसंच: वीजबिल वाचवायला रात्री हवा पुरवणारा ब्लोअर बंद ठेवला की घाण खाणारे जिवाणू मरायला लागतात, आणि सकाळी प्लांट फक्त दिसायला चालू असतो.

‘एकत्र बसणं म्हणजे साटंलोटं’

ही भीती रास्त आहे. म्हणून नियम आधी लिहून ठेवावेत. सल्ला देणारा माणूस आणि दंड करणारा माणूस वेगळा हवा, नाहीतर कारखानदार खरी अडचण सांगणार नाही. बैठकीत सूट द्यायचा विषयच येऊ नये. मंडळाची मर्यादा पालिका शिथिल करू शकत नाही. नमुना घेताना त्याचे दोन भाग करून सील करावेत, एक कारखान्याकडे राहावा. आणि बैठकीत ठरलेलं, म्हणजे किती पाणी, किती कचरा, कोणत्या तारखेपर्यंत, हे पालिकेच्या सूचनाफलकावर लावावं.

सुरुवात मे महिन्यात करावी. तेव्हा नाला कोरडा असतो, त्यामुळे त्यात जे वाहतं ते पावसाचं नसतं. पालिकेचा अभियंता, असोसिएशनचा प्रतिनिधी आणि मंडळाचा क्षेत्र अधिकारी अशा तिघांनी पीएच पट्ट्या, वाहकता (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा आकडा) मोजायचं छोटं मीटर आणि गटाराचा नकाशा घेऊन खालून वर चालत जावं. प्रत्येक चेंबरचं झाकण उघडून आकडा लिहावा. दोन चेंबरांमध्ये जिथे आकडा उडी मारतो, तिथेच वरून कुणाची तरी जोडणी आलेली असते.