सोलापूरचं ऊन आणि आपले फोन

मंडळी, ऊन वाढायला लागलंय म्हणून हे आत्ताच लिहितोय. गुढीपाडवा झाला की मोबाईल दुकानांत त्याच तीन तक्रारी सुरू होतात. फोन स्लो झाला, बॅटरी टिकत नाही, चार्जिंग होत नाही. उत्तरंही ठरलेली: रिसेट मारा, बॅटरी बदला, नाहीतर नवीन घ्या. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बऱ्याच फोनना काहीही झालेलं नसतं. ते तापलेले असतात, नाहीतर त्यांच्या पोर्टमध्ये सूत अडकलेलं असतं.

आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं ॲपल स्वतः सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. लिथियम बॅटरीची क्षमता उष्णतेनं झपाट्यानं घटते, आणि एकदा गेलेली क्षमता थंडीत परत येत नाही. त्यातही पूर्ण भरलेली बॅटरी गरम जागी पडून राहणं सगळ्यात वाईट. म्हणजे रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, किंवा १०० टक्के भरून गाडीच्या डिकीत टाकलेला फोन. चार्जिंग पहाटेच्या गारव्यात करा, कव्हर काढून, फरशीवर ठेवून. आता बऱ्याच फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा आणि निदान जूनपर्यंत तरी ती चालू ठेवा.

स्लो होण्याचं म्हणाल तर तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम वेग कमी करतो. फोन गार झाला की वेग परत येतो. अशा वेळी रिसेट मारणं म्हणजे बॅकअप नसलेले लेकरांचे फोटो आणि नंबर फुकट घालवणं. सामान पोचवणाऱ्या पोरांची मला खरंच काळजी वाटते. हँडलला लावलेला फोन, वर ऊन, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण आणि पॉवर बँकही जोडलेली. पोरांनो, एक इअरफोन लावा, नकाशा आवाजावर ऐका आणि फोन सावलीत ठेवा. तापलेला फोन फ्रिजमध्ये मात्र कुणीही ठेवू नका, आत दव धरतं. पंख्याखाली ठेवा, तेवढं पुरतं.

आता सूत. पूर्व भागात, एमआयडीसीत, जिथं जिथं माग चालतात तिथं हवेत तंतू उडत असतात. ते खिशात जातात, खिशातून चार्जिंग पोर्टमध्ये. दरवेळी पिन घातली की तो थर आत दाबला जातो, मग पिन पूर्ण बसत नाही आणि "चार्जर तिरका धरला तरच चालतो" अशी अवस्था येते. अशा माणसाला पोर्ट न बघताच नवीन चार्जर विकला जातो, याचा मला संताप येतो. टॉवेलच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाचे ते कष्टाचे पैसे असतात. फोन बंद करा, लाकडी टूथपिकनं हळूच कडेकडेनं तो गोळा बाहेर काढा. सुई, टाचणी नको, आतल्या पिना वाकतात. तोंडानं फुंकरही नको, ओलावा जातो.

कारखान्यातल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरचंही तेच. पंख्याखालच्या पट्ट्यांवर सुताचा थर बसतो, मशीन तापतं आणि आपोआप बंद पडतं. दर महिन्याला वीज काढून ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, तो जोरात गरगर फिरला तर खराब होऊ शकतो. आणि लॅपटॉप चादरीवर ठेवून काम करू नका. आपल्या चादरीचा मला पुरेपूर अभिमान आहे, पण लॅपटॉपचा वारा बहुतेक वेळा खालूनच आत जातो. खाली पाट घ्या.

एका बाबतीत मात्र घरचा उपाय करूच नका. फोनची पाठ फुगली, स्क्रीन कडेनं उचलली गेली, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. लगेच बंद करा, अंथरूण-कपड्यांपासून लांब ठेवा आणि जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात ती दाबली गेली की पेट घेऊ शकते आणि तिथं काम करणारा माणूस भाजू शकतो. बॅटरी काढून देणाऱ्यालाच विचारा की ती ई-कचऱ्यात देणार का. तो नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.