पावसात दूध नव्हतं

जून उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. सोबत फोटो: एका हाताने दिव्याच्या खांबाला लटकलेला, ओलाचिंब, तोंडभर हसणारा हॉलिवूडचा नट आणि नर्तक जीन केली. मजकूर थोडक्यात असा. ‘सिंगिंग इन द रेन’ या १९५२ सालच्या सिनेमातलं त्याच नावाचं गाणं खास केलीसाठी लिहिलं होतं. पाऊस कॅमेऱ्यात दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं. अंगात १०३ ताप असताना केली सुचेल तसा नाचला आणि सगळं एका टेकमध्ये आटपलं. त्या नाचाबद्दल त्याला ऑस्कर मिळालं. तरी तो शेवटी नुसता नाच्याच, अभिनय त्याला कधी जमलाच नाही.

यंदा तो मामांनी पाठवला, म्हणून हे उत्तर.

आधी दूध. मामा, रात्री पाऊस पडतोय का हे आपण कसं बघतो? खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघतो. दिव्याभोवती सरी लखलखत असतात आणि चार हात बाजूला, जिथे तेवढाच पाऊस पडत असतो, तिथे नुसता काळोख. थेंब पारदर्शक असतो. उजेड समोरून टाकला तर तो दिसतच नाही, मागून आला की चमकतो. छायालेखक हॅरल्ड रॉसन यांनी दिवे पावसाच्या मागे लावले, एवढंच ते रहस्य. पटत नसेल तर रस्त्यावरची डबकी बघा. दुकानांचे दिवे त्यात स्वच्छ उमटलेत. दुधाळ पाण्यात उमटले असते? शिवाय केलीच्या अंगावर लोकरीचा सूट होता, तो नुसत्या पाण्यानेच आटत होता. त्यात दूध, वर स्टुडिओचे तापलेले दिवे... वासाचा विचार करा.

‘सुचेल तसा नाचला’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. तो रस्ता लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीतल्या, एमजीएम या सिनेमा कंपनीच्या स्टुडिओच्या आवारातला. शूटिंग दिवसा झालं. रात्र दिसावी म्हणून वरून काळी ताडपत्री ताणली होती आणि पाऊस पाइपांमधून पाडला होता. (संध्याकाळी आसपासचे लोक बागेला पाणी घालायला लागले की स्टुडिओतल्या पाण्याचा जोर कमी व्हायचा. चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) डबकीही आपसूक साचलेली नाहीत. केलीचा पाय जिथे पडणार, तिथे मोजून खड्डे खणले होते. एक पाय फुटपाथवर, एक खाली, असा तो कडेकडेने जातो आणि मग शाळेतून घरी निघालेल्या पोरासारखा पाण्यात थयथय उड्या मारतो. त्या उड्यांची जागासुद्धा आधीच ठरलेली होती. एवढी तयारी करून केलेली गोष्ट सहज सुचल्यासारखी दिसते, हीच तर त्याची करामत.

एक टेक? गाणं लावा आणि कट मोजा. मोजके आहेत, पण आहेत. छत्री उघडून तो भर रस्त्यात गोल फिरतो तेव्हा कॅमेरा क्रेनवरून वर गेलेला असतो. काम एका दिवसात संपलंही नव्हतं. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं आणि बुटांचा आवाज मागाहून भरला.

ताप मात्र खरा. ते श्रेय मजकुराला देऊन टाकू.

गाणं १९२९ सालचं, एमजीएमच्याच एका जुन्या बोलपटातलं. तेव्हा केली सतरा वर्षांचासुद्धा नव्हता. शब्द आर्थर फ्रीड यांचे, चाल नेसिओ हर्ब ब्राऊन यांची. पुढे फ्रीड निर्माते झाले आणि आपल्या जुन्या गाण्यांभोवती त्यांनी हा सिनेमा रचून घेतला.

ऑस्करचं तर तारखेवरूनच कळतं. केलीला सन्मानार्थ ऑस्कर मिळालं ते मार्च १९५२ मध्ये, हा सिनेमा न्यूयॉर्कला लागण्याच्या आठवडाभर आधी. ते तोवरच्या कामासाठी होतं. या सिनेमाला पुढच्या वर्षी दोन नामांकनं मिळाली, बक्षीस एकही नाही.

राहिला ‘नुसता नाच्या’. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन त्याला ‘अँकर्स अवे’साठी मिळालं होतं. १९४५ सालचा हा सिनेमा. ‘टॉम अँड जेरी’मधल्या जेरी उंदराबरोबर तो नाचतो, तोच. चित्रातला उंदीर शूटिंगच्या वेळी समोर नसतो. केली रिकाम्या जागेकडे बघून हसत होता, तिचा हात धरून नाचत होता. त्याला अभिनय नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? १९६० मध्ये ‘इनहेरिट द विंड’ या कोर्टातल्या नाट्यात त्याने तिरकस जिभेचा पत्रकार केला, एकही पाऊल न नाचता. ‘सिंगिंग इन द रेन’चं दिग्दर्शनही स्टॅन्ली डोनन यांच्याबरोबर त्याचंच होतं, पण मजकुरात याचा पत्ता नाही.

पण एवढं लांब कशाला जायचं? त्याच गाण्याचा शेवट बघा. पाण्यात उड्या मारता मारता त्याच्या लक्षात येतं की मागे पोलीस येऊन उभा आहे. सगळं अंग एकदम थांबतं. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा तो फुटपाथवर चढतो, स्वतःची बाजू समजावतो आणि निघतो. जाता जाता समोरून भिजत येणाऱ्या एका माणसाच्या हातात आपली छत्री देतो. मामा, तेवढा भाग आज आवाज बंद करून बघा.