नदीची वाट कशी लावावी

तुमच्या शहरातून नदी वाहत असेल तर घाबरून जाऊ नका. नागपूरचा कित्ता गिरवा. तिथल्या मंडळींनी गावाला नाव घेतलं नाग नदीचं आणि बदल्यात तिला दिलं सांडपाणी. कुणाचे उपकार अंगावर ठेवू नयेत, हे खरं.

आधी घराची पाठ नदीकडे करा. पुढच्या दाराला तोरण, मागच्या खिडकीतून कॅरीबॅग. निर्माल्य पिशवीसकट सोडा, गाठ घट्ट मारून. मग पात्रात हळूहळू सरका. यंदा कुंपण, पुढल्या साली टिनाचं शेड, त्यापुढं स्लॅब. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदी रातोरात लोकांच्या घरांत शिरली, तसं झालंच तर अतिक्रमण नदीनं केलं असं धरून चाला.

साफसफाईचंही सोपं आहे. उन्हाळ्यात जेसीबी लावून गाळ काढा आणि काठावरच टाका. पहिल्या पावसात तो आपल्या पायानं घरी जातो. फारच बोंब झाली तर आकडा सांगा. २०२२ साली नाग नदीसाठी सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. एवढा आकडा कानावर पडला की नाकाला वास येईनासा होतो.

उरलंसुरलं आमच्याकडे पाठवा. आम्ही खाली, कुही तालुक्यात. नाग पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत उतरते, आणि पुढे गोसीखुर्द धरणाची भिंत. १९८८ साली तिचं भूमिपूजन झालं तेव्हा पाणी येणार म्हणून आमचे बाप खूश होते. आलं ना बाप्पा! धरणानं पाणी अडवलं, पाण्यासोबत तुमचंही अडलं. ढिवर पहाटे जाळं ओढतो तर आधी जलकुंभी, मग शाम्पूच्या पुड्या, मग काळा चिकट गाळ. मासोळी आली तर तिलाही घासलेटाचा वास. जाळं धुवायचं तर कुठं? त्याच पाण्यात. रोवणीच्या बाया बांधीत उतरायच्या आधी पायांना तेल चोपडतात, तरी रात्रभर खाजवत बसतात. डॉक्टर म्हणतो, पाण्यात जाऊ नका. धान मग काय गच्चीवर रोवायचा?

तुम्ही मात्र रविवारी जरूर या. आंभोऱ्याच्या चैतन्येश्वराचं दर्शन घ्या, नव्या पुलावरच्या काचेच्या गॅलरीत फोटो काढा. तेवढ्या उंचीवरून जलकुंभी हिरवळीसारखी दिसते, कॅप्शनला बरी पडते.

आणि परतताना भाजी आणायला सांगितली असेल तर थांबू नका. नाग नदीच्या पाण्यावरची पालक, वांगी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) सकाळीच टेम्पोनं तुमच्याच बाजारात पोचलेली असतात. ताजी असतात. जुडीमागं दोन रुपये कमी करून मागा.