खुलासा : 'विजेती' पोर्शे 917 निळी नव्हती

गेल्या आठवड्यात मी पोर्शे 917के या रेसिंग कारच्या 1:24 मॉडेल किटचा फोटो टाकला होता. फिकट निळा रंग, मधोमध नारिंगी पट्टा, क्रमांक 20. खाली लिहिलं होतं, "1970 ची ल माँ 24 तास शर्यत जिंकणारी गाडी". ती ओळ चुकीची आहे, चूक माझीच. फोटो आता बऱ्याच ग्रुपमध्ये फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

डिकॅल (गाडीवरचे स्टिकर) लावताना शंका आली, म्हणून शर्यतीचा निकाल काढून पाहिला. 1970 ला जिंकली ती क्रमांक 23, लाल-पांढरी, पोर्शे साल्झबुर्ग संघाची. चालक हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवुड. पोर्शेचं ल माँमधलं ते पहिलंच सर्वंकष (सगळ्या गटांत मिळून पहिला क्रमांक) विजेतेपद. गल्फ या प्रायोजक तेल कंपनीच्या निळ्या-नारिंगी रंगांतल्या तिन्ही 917 त्या वर्षी शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. त्यातली क्रमांक 20, म्हणजे माझ्या किटची गाडी, ज्यो सिफर्ट आणि ब्रायन रेडमन चालवत होते. 1971 लाही 917च जिंकली, पण ती पांढरी, मार्टिनी या प्रायोजक मद्य कंपनीच्या पट्ट्यांची, क्रमांक 22. गल्फची गाडी दुसरी आली.

गल्फचे रंग ल माँ जिंकलेच नाहीत, असंही नाही बरं का! 1968 आणि 1969 ला जिंकलेली फोर्ड जीटी40 याच रंगांत होती. बहुतेक तिथेच माझी गल्लत झाली.

किट उत्तम आहे, रंगही खरे आहेत, फक्त विजेतेपद तिचं नाही. जुना फोटो त्या ओळीसकट पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासाही टाका.