रिंगा गेल्या म्हणणाऱ्यांनो, आधी ड्रेन बोल्ट खोला

महिना-दीड महिना उभी राहिलेली जुनी बुलेट काढा आणि किक मारा. मागून निळा धूर भपकन निघतो. आता ती तालुक्यातल्या कोणत्याही मिस्त्र्याकडे न्या. गाडी डबल स्टँडवर चढायच्या आधी निकाल लागलेला असतो: "भाऊ, रिंगा गेल्या हिच्या. बोर करा लागते." म्हणजे पिस्टनच्या कड्या झिजल्या, सिलिंडर कापून मोठा करावा लागेल. प्लग काढला नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहिलं नाही, तेल मोजायची कांडीसुद्धा बाहेर ओढली नाही. धूर दिसला आणि हजारोंचं बिल ठरलं. डोकं फिरतं ते इथं. गाडी जुनी आहे म्हणून बिघडत नाही हो, न बघता खोलणाऱ्या हातांनी बिघडते!

कास्ट आयर्न ब्लॉकची बुलेट ३५०, म्हणजे ३४६ सीसी, ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). हिचं तेल क्रँकखाली, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याखाली, भरून ठेवलेलं नसतंच. ते इंजिनातच, पण वेगळ्या कप्प्यात असतं. एक पंप तिथून तेल ओढून बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) देतो, दुसरा पंप क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या घरात, पडलेलं तेल परत कप्प्यात टाकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पंपाच्या फटीतून हेच तेल थेंबाथेंबानं क्रँककेसमध्ये उतरतं. किक मारली की क्रँक ते उडवतो, पिस्टनच्या वर जाऊन ते जळतं आणि धूर होतो. परतीच्या पंपानं तेल मागे ओढलं की धूर थांबतो. दोन-चार किलोमीटरमध्ये धूर गेला तर रिंगा शाबूत आहेत. रिंगा खरंच गेलेल्या गाडीचा धूर थांबत नाही, चढाला आणि डबलसीटला वाढतो, आणि प्लग काढला की तो तेलानं ओला, काळा निघतो. हा फरक ओळखायला मशीन लागत नाही. क्रँककेसचा ड्रेन बोल्ट वेगळा असतो आणि तेलाच्या कप्प्याचा वेगळा. उभ्या गाडीचा क्रँककेसचा बोल्ट खोला, खाली डबा धरा. पाव लिटर, अर्धा लिटर तेल आलं की विषय संपला. पाच मिनिटांचं काम आहे. ते करायचं नाही आणि हेड उतरवायचं!

याच्याही आधी आणखी एक घाण होऊन गेलेली असते. उभ्या गाडीची कांडी पाहायची, तेल कमी दिसलं की वरून ओतायचं. अरे, तेल कमी झालेलं नाही, खाली उतरलंय! इंजिन काही मिनिटं चालवा, बंद करा, मग कांडी पाहा. सगळं मिळून तेल साधारण २.२५ लिटर मावतं, २०डब्ल्यू५०. त्यात वरून अर्धा लिटर ओतलं की ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सुटायच्या नळीतून) बाहेर फेकलं जातं, चेन आणि मागचं टायर तेलकट होतं, आणि पुन्हा तोच मिस्त्री म्हणतो की इंजिन तेल फेकते, खोला लागते.

आणि बोअर करणं म्हणजे काय स्वस्तातली गोष्ट आहे का? ओव्हरसाइज पिस्टन इंचाच्या हजाराव्या भागात वीस, चाळीस, साठ असे मोजकेच मिळतात. म्हणजे एका ब्लॉकला आयुष्यात तीनदा बोअर, त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी. चांगल्या ब्लॉकचा एक बोअर उगाच खाल्ला की त्या गाडीचं आयुष्यच कमी केलं. रिंगा गेल्या म्हणता ना? मग जुनी रिंग काढून सिलिंडरमध्ये सरळ बसवा आणि तोंडाची फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून दाखवा. ७० मिमीच्या बोअरला नव्या रिंगची फट ०.३ मिमीच्या आसपास असते. तुमची किती भरली ते मालकाच्या डोळ्यांदेखत सांगा. नाही सांगत. कारण गेजच नसतो.

फीलर गेज! दोन-तीनशे रुपयांची वस्तू. चांगलं चाललेल्या गॅरेजात नसते आणि तिच्या जागी हॅक्सॉचं तुटकं ब्लेड असतं. "ब्लेडनंच होते सारं, गेज कायले पाह्यजे?" पाहिजे, कारण पॉइंटची (प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी लागते आणि हॅक्सॉचं ब्लेड ०.६ मिमीच्या आसपास जाड असतं. म्हणजे जवळपास दीडपट गॅप. ही चूक नुसती गॅपची राहत नाही. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेआधी पडते. मग किक उलटी मारते, नडगी फुटते, चढावर इंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. गॅप कमी ठेवली तर उलट होतं: टायमिंग मागे पडतं, गाडी ओढत नाही, सायलेन्सरचा बेंड निळा पडतो आणि हेड तापतं. वर पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचा, त्याची धूळ तिथंच सोडायची, कॅमला ग्रीसचा ठिपका लावायचा नाही आणि टायमिंग परत तपासायचं नाही. पॉइंटला हात लावला की टायमिंग पाहायचंच, याला पर्याय नाही. कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा डबा, तर कोणी लक्षातच घेत नाही. थंड गाडी मस्त चालते, तीस-चाळीस किलोमीटरनंतर मिस मारते, बंद पडते, अर्ध्या तासानं पुन्हा सुरू होते. पॉइंट उघडताना मोठी ठिणगी उडते, पॉइंटवर खड्डे पडतात. हा कंडेन्सर आहे. पण इथं कार्बोरेटर खोलला जातो, कॉइल बदलली जाते, आणि शेवटी "वायरिंग नवी टाका" ऐकायला मिळतं.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीचं, तर बोलूच नका. यात गिऱ्हाईकसुद्धा तितकंच दोषी आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. टकटक आवाज नको, शिवणयंत्रासारखी चालली पाहिजे, असा हट्ट धरायचा. मिस्त्री खुश करतो: "थोडं टाइट ठेवलं त आवाज नाई येत." आवाज जातो, व्हॉल्व्हही जातो. टॅपेट टाइट असलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता बाहेर निघते ती सीटमधूनच. बसलाच नाही तर निघणार कुठून? कड जळते, गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन जातं, किक पाय ठेवताच खाली जाते. आणि मग, ओळखलंच असेल, "रिंगा गेल्या".

करायचं कसं ते लिहून ठेवा. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभं. सकाळी चालवून आणलेलं आणि चहा पिऊन होईस्तोवर थांबलेलं नव्हे. प्लग काढा, किक हळूहळू दाबत पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टोकाला धरून बसलात तर सगळं चुकलं. उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण उघडा. आत अ‍ॅडजस्टर आणि लॉकनट आहे, तीन पातळ पाने लागतात. पुशरॉड (व्हॉल्व्हकडे जोर नेणारा दांडा) दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस्स, एवढंच माप. लॉकनट आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहा, कारण आवळताना सेटिंग हलतं. नव्वद टक्के लोक हा शेवटचा हात फिरवतच नाहीत.

आणि पाने? जुन्या बुलेटचे कितीतरी बोल्ट इंची मापाचे आहेत, नंतर कोणी बदलले ते मिमीचे. एकाच इंजिनावर दोन्ही मापं भेटतात. त्यावर १३-१४चा पाना रेटायचा, सरकला की पाइप पाना लावायचा, तोही सरकला की छन्नी-हातोडी. बोल्टचं डोकं गोल, इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे खलास. हेडसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ब्लॉक तेवढा बिडाचा. त्यात प्लग तिरका धरून पान्यानं रेटला की आटे गेलेच. प्लग आधी हातानं पूर्ण बसवायचा, पाना शेवटच्या पाव फेऱ्याला. हे सायकलवाल्यालाही कळतं!

डाव्या बाजूच्या प्रायमरी कव्हरपाशी, म्हणजे क्लच आणि आतल्या चेनच्या झाकणापाशी, तर थांबून सांगायलाच हवं, कारण विदर्भातली निम्मी जुनी बुलेट तिथूनच गळते. ते कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर बसतं. कडेला खाचेत रबरी सील असतं, गळती थांबवायचं काम ते सील करतं, नट नाही. मिस्त्री काय करतो? गळतंय म्हणून नट आवळतो. आणखी गळतं, आणखी आवळतो. कव्हर मधे दबतं, कडा उचलल्या जातात, सील सुटतं आणि गळती दुप्पट. मग सिलिकॉनची अख्खी ट्यूब लिंपतो. नवं सील आणा, खाच ब्रशनं साफ करा, सील पीळ न पडता बसवा, नट हलक्या हातानं आवळा. कव्हर वाकलेलं असेल तर काचेवर पालथं ठेवा, लगेच दिसेल. सिलिकॉनचा राग वेगळाच आहे. इंजिनाच्या गॅस्केटला बोटभर जाड लावतात, आतल्या बाजूला फुगलेला गोळा सुटतो, तेलासोबत पंपाकडे जातो, तेलाची वाट बुजवतो. जुन्या इंजिनाच्या बिग एंडला तरंगता बुश (मोकळा फिरणारा धातूचा कडा) आहे, तो तेलाच्याच जोरावर जगतो. तेल अडलं की बुश गेला, क्रँक उतरवला, आणि बिल मालकाच्या नावे. तेलाचा फिल्टर बदलल्यावर चेंबर तेलानं भरून मगच झाकायचं असतं. कोरडा बसवून किक मारली की पहिली काही मिनिटं इंजिन कोरडं फिरतं. किती जण भरतात?

धुलाई सेंटरची गोष्ट वेगळी, पण संताप तोच. मे महिन्यात ४५ अंशांत चालवून आणलेल्या तापलेल्या बिडाच्या ब्लॉकवर थंड पाण्याचा प्रेशर मारायचा. वरून चमक यावी म्हणून डिझेल फवारायचं, जे रबरी बुश, पाइप, ग्रोमेट सगळं फुगवतं. गाडी थंड होऊ द्या, कार्बोरेटर आणि पॉइंटच्या कव्हरवर पाणी नको, डिझेल तर नकोच. सांगितलं तर तोंडाकडे बघतात.

पेट्रोलचं काय सांगावं. त्यात २० टक्के एथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३०चं होतं, ते २०२५वर आणलं. तालुक्याच्या पंपावर दुसरं मिळत नाही. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, एथेनॉलला ९. म्हणजे जुन्या जेटनं (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकानं) मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं, आणि लिटरमागे ऊर्जाही ६-७ टक्के कमी. यासाठी जुन्या गाडीचा विचार कोणीच केला नाही, हे तर आहेच. पण चिडचिड अशी की मिस्त्री म्हणतो, "पेट्रोल ते पेट्रोलच हाय." नाही! प्लगची चिनीमाती पांढरी फटक दिसतेय, बेंड निळा आहे, गरम झाल्यावर कार्बोरेटरमधून फटफट येतेय, तर मेन जेट एक नंबर मोठा टाका आणि प्लग पुन्हा पाहा. एअर स्क्रू आत घेतला की मिश्रण जाड होतं, पण त्यानं फक्त आयडलिंग सुधारतं, हायवेवरचं नाही. पेट्रोलचा पाइप दरवर्षी बदला, चिरा दिसायची वाट पाहू नका. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा आणि टाकी गच्च भरा. अर्धवट टाकीत हवेतली ओल धरते, एथेनॉल ती पिऊन घेतं, तळाला पाणी साचतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज जेटमध्ये येतो.

मालकानं सगळं करायचं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नवी करायची, पर्यावरण कर भरायचा, नवी नंबर प्लेट लावायची. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही म्हणून जुन्याच रस्त्यानं जायचं. आणि एवढं करून वाशिमहून चिखलदऱ्याला निघायचं तर अर्धं गॅरेज सोबत न्यायचं. परतवाड्यानंतर घाट सुरू होतो, तिथं कोण भेटणार? म्हणून न्याच: गॅप लावून ठेवलेला पॉइंट सेट, चालवून पाहिलेला कंडेन्सर, दोन प्लग, फीलर गेज, इंची पान्यांचा संच, चेनलॉक, ट्यूब, अर्धा लिटर तेल. डुप्लिकेट कंडेन्सर नवाकोरा असूनही मेलेला निघतो, म्हणून तो घरीच बसवून पन्नास किलोमीटर चालवा, मगच डिकीत टाका. क्लच केबल आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल डिकीत नको. जुन्या केबलला लागूनच नवी ओढून टेपनं बांधून ठेवा, दोन्ही टोकांना तेल सोडून वर प्लास्टिक गुंडाळा. तुटली की फक्त निप्पल (केबलच्या टोकाची गोळी) बदलायचं, टाकी उतरवायची गरज नाही.