'कॉलेजात गेमचा कोर्स कशाला' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असणार. थोडक्यात असा: पोरं आधीच मोबाईलनं वाया गेलीत आणि आता कॉलेजात गेम बनवायला शिकवणार म्हणे, यूट्यूबवर सगळं फुकट असताना डिग्री कशाला, लाखाचा कॉम्प्युटर कोण देणार, आणि मराठवाड्यात एक तरी गेम कंपनी आहे का? खाली हात जोडलेले इमोजी. शिकलेली माणसंसुद्धा 'अगदी खरं' म्हणून पुढं ढकलून राहिलीत म्हणून लिहितोय.

वाया जाण्याच्या मुद्द्यावर लई वेळ घालवत नाही. रमीत घरं बुडाल्याची भीती खरी आहे, पण 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली तेव्हा त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमला प्रोत्साहन द्यायचंही लिहिलंय. सरकारला फरक कळला, ग्रुपवर कामून कळत नाही काय माहीत.

आता यूट्यूब. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. समजा पोरानं गोडॉट नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उड्या मारायचा साधा गेम केला आणि मित्राला दिला, मित्र म्हणतो मी बटन दाबलं होतं की, उडालाच नाही! कोड बघावा तर बरोबर. गडबड अशी असते की खेळणारा कड्याच्या अगदी टोकाला बटन दाबतो, तोवर पात्र एक-दोन फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एक-दोन चित्रं, पुढं हवेत गेलेलं असतं, आणि हवेतून उडी नाही असं कोडमध्येच लिहिलेलं. उपाय सोपा, कडा सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी सवलत द्यायची, या धंद्यात त्याला कोयोटी टाइम म्हणतात. हे नाव माहीत असलं तर ढिगानं व्हिडिओ सापडतात, माहीत नसलं तर सर्च काय करणार? आपला गेम दुसरा खेळताना गप बसून बघायचं, मधे 'अरे तिकडं जा' म्हणायचं नाही, आणि तो कुठं अडला ते लिहून ठेवायचं, ही सवय वर्गात लागते. घरी एकट्यानं बसून कुणी लावून घेत नाही.

दुसरं म्हणजे गेम पूर्ण करणं. एक कोडवाला, एक चित्रं काढणारी, एक आवाजाचं बघणारा, आणि एक तारीख जिच्यापुढं नवीन काही घालायचं नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री 'अजून एक बॉस (तगडा शत्रू) टाकू ना बे' म्हणणाऱ्या दोस्ताला नाही म्हणायला कुठला व्हिडिओ शिकवतो? अमेरिकेतल्या डिजिपेन कॉलेजच्या पोरांनी 2005 मध्ये नार्बाक्युलर ड्रॉप नावाचा स्टुडंट प्रोजेक्ट पूर्ण केला, व्हॉल्व या गेम कंपनीनं ती टीमच कामावर घेतली आणि 2007 मध्ये त्यांचा पोर्टल नावाचा गेम आला. कुणी म्हणेल स्टारड्यू व्हॅली तर एकट्यानं बनवली. बनवली, एरिक बॅरोननं, साडेचार वर्षं घालवून, पण त्या गड्याकडं कॉम्प्युटर सायन्सची डिग्री होतीच.

लाखाचा कॉम्प्युटर? टेट्रिस 1984 मध्ये ज्या मशीनवर बनला त्यात धड ग्राफिक्स नव्हते. गोडॉट फुकट, थ्रीडी चित्रं बनवायचं ब्लेंडर फुकट, आणि टूडी गेम कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या पीसीवर चालतो. अनरिअल नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा थ्रीडी गेम करायचा तर भारी ग्राफिक्स कार्ड लागतं हे खरं, मग तिथून सुरुवात करूच नका ना. पहिले काही तास तर कागदावर होतात: साप-शिडी घ्या, त्यात खेळणाऱ्याला स्वतः काही ठरवायचंच नसतं, आता दोन फासे टाकून हवा तो एक निवडायचा असा नियम करा आणि बघा खेळ कसा बदलतो. लाइट गेली तरी तास चालू.

कंपनीचं म्हणाल तर आपल्याकडं तशा नोकऱ्या नाहीत, कबूल. पण लातुरात नीटची तयारी करणारं पोरगं लातुरात एम्स आहे म्हणून करतं का? पुणे आहे की, 2020 मध्ये आलेला राजी हा गेम तिथल्याच नॉडिंग हेड्स कंपनीनं बनवला. शिवाय थेट तीन-चार वर्षांची डिग्री काढा असं मीही म्हणत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात व्हीएससी (हाताला काम शिकवणारा कोर्स) आणि ओपन इलेक्टिव्हला (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) जागा आहे, बीसीए-बीएस्सीच्या पोरांना तिथं दोन क्रेडिटचा पेपर द्या. गेममध्ये नाही जमलं तरी प्रोग्रामिंग हातात राहतं.

खरी अडचण मेसेजवाल्याला सुचलीच नाही: शिकवणार कोण? यूजीसीनं 2022 मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची वाट काढली, पीएचडी नको, पण कामाचा 15 वर्षांचा अनुभव हवा. तेवढा मुरलेला गेमवाला इकडं यायला तयार होईल असं मला वाटत नाही. मग सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, कुणाला तरी उभं करतील आणि तो पीपीटी वाचून दाखवेल, मला भीती याची आहे.

आणि 'गेमिंग डिप्लोमा'चे बोर्ड लावून मोठी फी घेणाऱ्या क्लासवाल्यांबद्दल ओरडा करा, तिथं मी तुमच्यासोबत आहे. ॲडमिशनआधी एवढंच म्हणा, मागच्या बॅचच्या पोरांनी पूर्ण केलेला एक गेम माझ्या मोबाईलवर आत्ता चालवून दाखवा. ब्रोशर पुढं केलं तर उठून या.